बदलापूर ते अनुराधापूर, व्हाया रामेश्वरम

लग्न होऊन मी कात्रपच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्याच्या तिसऱ्या महिन्यात माझ्या सासऱ्यांनी हॉलमधलं कॅलेंडर काढलं आणि त्या जागी एक मोठा ड्रॉइंग पेपर लावला. त्यावर पट्टीने आखलेले चार रकाने होते: काम, जबाबदारी, मुदत, शेरा. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'बदलापूर ते अनुराधापूर, स्वतःच्या गाडीने.' पहिल्या ओळीत काम होतं 'निर्णय', जबाबदारी 'स्वतः', मुदत 'आज' आणि शेरा 'झाला'.

घरात गाडी नव्हती. सासऱ्यांना गाडी चालवता येत नव्हती. माझ्या नवऱ्याला चालवता तर येत नव्हतीच, पण गाडीत बसवतही नव्हतं. त्याला गाडी लागायची, ती इतकी की स्टेशनपर्यंतच्या रिक्षातसुद्धा तो बाहेर तोंड काढून बसायचा. सासूबाई वांगणीच्या पुढे डोंगराला लागून असलेल्या एका गावात वाढलेल्या. त्यांचा तोवरचा सगळ्यात लांबचा प्रवास नागपूरचा, तोही रेल्वेने. आणि अनुराधापूर श्रीलंकेत आहे, म्हणजे मध्ये समुद्र आहे.

मी नवीन होते. मी फक्त कॅलेंडर आता कुठे लावू, एवढंच विचारलं.

सासऱ्यांना मी बाबा म्हणायचे आणि सासूबाईंना आई. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं प्लॅनिंग खात्यात होते. कुठल्या मशीनवर कुठलं काम कधी चढवायचं, कच्चा माल कधी यायला हवा, कोण रजेवर आहे, हे सगळं ते आधी कागदावर उतरवायचे. त्यांच्या हातून आयुष्यात एकही वस्तू बनली नाही आणि त्यांच्या कागदाशिवाय त्या कारखान्यात एकही वस्तू बनली नाही. रिटायर झाल्यावर सहा महिने त्यांनी घराचं प्लॅनिंग केलं. गॅस सिलिंडर किती दिवस पुरतो, पाणी कुठल्या मिनिटाला येतं, सगळं लिहून काढलं. मग आई एक दिवस म्हणाल्या, "अहो, तुम्ही काय तरी मोठं शोधा आता. माझ्या डाळीच्या डब्यांवर नंबर टाकू नका."

त्यांनी मोठं शोधलं. विहारात एका रविवारी एक भंते बोलायला आले होते. सम्राटाची मुलगी बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार गेली, ती अनुराधापूरला लावली आणि ते झाड आजही उभं आहे, असं त्यांनी सांगितलं. त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली की श्रीलंकेतलं युद्ध थांबलंय आणि रामेश्वरमहून पलीकडे जाणारी, वीसेक वर्षं बंद पडलेली बोट आता पुन्हा सुरू होणार, या वेळी गाड्यासुद्धा नेणार. बाबांनी ती बातमी कापून ठेवली. एवढ्या दोन गोष्टींवर प्लॅन उभा राहिला.

"विमानाने जातात की सगळे," माझा नवरा म्हणाला.

"फांदी विमानाने गेली नव्हती," बाबा म्हणाले.



पेपरवर खाली खाली ओळी वाढत गेल्या. गाडी, पासपोर्ट, गाडीची कागदपत्रं, बोट, मुक्काम, पाणी, औषधं. प्रत्येकासमोर जबाबदारी आणि मुदत होती. एका ओळीत काम होतं 'चालक'. तिथे जबाबदारीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'ठरायचे आहे.'

आता हे सांगायला हवं की त्या घरात लायसन्स असलेली एकच व्यक्ती होती, ती मी. माझे पप्पा उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये टेम्पो चालवायचे. कापडाचे गठ्ठे, पापडाची पोती, फर्निचर, जे मिळेल ते. मला भाऊ नाही. बारावीच्या सुट्टीत पप्पांचा खांदा निखळला तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून महिनाभरात टेम्पो शिकवला. कॅम्प एकच्या गल्ल्यांत पुढे जाणं सगळ्यांनाच येतं, खरी परीक्षा मागे येण्याची. दोन्ही बाजूंना हातगाड्या, मध्ये झोपलेलं कुत्रं, मागे शेठ ओरडतोय, "आने दे, आने दे, बस!" आणि तो 'बस' म्हणेपर्यंत धक्का लागलेला असतो. पप्पा म्हणायचे, "शेठकडे बघू नको, आरशात बघ."

हे सगळं लग्नाआधी बाबांना सांगितलेलं होतं. त्यांना माहीत होतं. तरी रकान्यात 'ठरायचे आहे' होतं आणि मी रोज त्याच्यासमोर बसून चहा प्यायचे. माझाही थोडा हट्ट होता की त्यांनीच लिहावं.

गाडी मिळाली ती पप्पांच्याच ओळखीतून. एका सिंधी शेठची जुनी व्हॅन होती. आयुष्यभर तिने पापड आणि लोणची वाहिली होती, त्यामुळे उन्हात उभी राहिली की आतून हिंगाचा वास यायचा. बाबांनी शेठला सरळ विचारलं, "ही गाडी श्रीलंकेपर्यंत जाईल का?"

शेठने बाबांकडे पाहिलं, पप्पांकडे पाहिलं, मग गाडीच्या टपावर हात ठेवला. "साईं, लंका क्या, ये तो कराची तक जाएगी. जाने कौन देगा, वो अलग बात है."

बाबांनी शेऱ्यात लिहिलं, 'गाडी: प्राप्त. क्षमता: कराची.' मला वाटलं गंमत करतायत. पण बाबा त्या पेपरवर गंमत करत नसत.

पासपोर्टचं काम पावसाळाभर चाललं. आईंचा जन्मदाखला नव्हता, म्हणून त्यांच्या गावच्या शाळेतून दाखला आणायला आम्ही दोघी गेलो. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. दाखल्यावर जन्मतारीख एक जून. आई म्हणाल्या, "आमच्या वर्गात सगळ्यांचीच एक जून. गुरुजींना तीच यायची." पोलीस चौकशीला एक हवालदार घरी आले. भिंतीवरचा पेपर त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "तुम्ही टूर कंपनी चालवता काय?"

"नाही," बाबा म्हणाले. "घरगुती."

हवालदारांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा घेऊन गेले. पासपोर्ट आले. आईंनी स्वतःचा फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "रागावलेली दिसते मी." मग तो पासपोर्ट त्यांनी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. बाकीचे तीन बाबांच्या फायलीत गेले.

दुसऱ्या देशात न्यायची तर गाडीलाही एक प्रकारचा पासपोर्ट लागतो. तो मुंबईतल्या एका संस्थेच्या ऑफिसात मिळतो असं बाबांनी शोधून काढलं. मी तेव्हा उल्हासनगरच्या एका शाळेत क्लार्क होते. रजा टाकून त्यांच्याबरोबर गेले. काउंटरवर चष्मा डोक्यावर चढवलेले एक गृहस्थ होते. त्यांनी बाबांची फाइल पाहिली आणि खूष झाले. एवढी नीट फाइल त्यांच्याकडे येत नसावी.

"गाडी कुठल्या बंदरातून बाहेर जाणार?" त्यांनी विचारलं.

"रामेश्वरम."

"रामेश्वरमहून बोट आहे?"

"होणार आहे."

"कधी?"

"ते तुम्हाला आमच्या आधी कळायला पाहिजे," बाबा म्हणाले.

गृहस्थांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "काका, नसलेल्या बोटीसाठी मी कागद कसा देणार?"

बाबांनी बातमीचं कात्रण पुढे केलं. एव्हाना तशी सात कात्रणं जमली होती. सगळ्यांत बोट लवकरच सुरू होणार होती. गृहस्थांनी सातही वाचली. मग म्हणाले, "असं करा, बोट आली की या. मी असेन. माझ्या रिटायरमेंटला अजून चार वर्षं आहेत."

परत येताना बाबा दादरपर्यंत गप्प होते. मला वाटलं निराश झाले. पण ते हिशेब करत होते. दादरला म्हणाले, "चार वर्षं म्हणजे पुरेसा अवकाश आहे," आणि घरी आल्यावर मुदतीच्या रकान्यात तसं लिहिलं.

बोट नव्हती, पण बोटीत गाडी चढवायची तालीम करता येईल, असं त्यांच्या डोक्यात आलं. दाभोळला तेव्हा खाडी ओलांडायला नुकतीच फेरीबोट सुरू झाली होती. त्यात मोटारी चढतात, पलीकडे धोपाव्याला उतरतात. बाबांना हे समजल्यावर ते दोन दिवस झोपले नसावेत. डिसेंबरात आम्ही निघालो, कर्जत, खोपोली, पेण करत. मी चालवत होते, बाबा शेजारी मांडीवर कागद घेऊन, मागे आई आणि माझा नवरा. बाबांच्या वेळापत्रकात तीन ठिकाणी लिहिलं होतं, 'थांबा (चिरंजीव).' पहिले दोन थांबे वेळेवर झाले. तिसरा कशेडी घाटात ठरला होता, तो चिरंजीवांनी पोलादपूरलाच घेतला. बाबांनी घड्याळ बघून नोंद केली. आईंनी लिंबू पुढे केलं.

मी चालवतेय याबद्दल बाबा काही बोलत नव्हते. फक्त समोरून ट्रक आला की त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा, जणू त्यांच्याकडेही ब्रेक होता.

दुपारी दाभोळच्या धक्क्यावर पोचलो. बोट म्हणजे एक मोठी लोखंडी परात, एका बाजूला खाली पडणारी फळी. फळी एकाच बाजूला होती, त्यामुळे गाड्या उलट्या चढवायच्या होत्या, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येतं. आमच्या पुढच्या मोटारीतल्या माणसाने तीनदा प्रयत्न केला, तीनदा गाडी तिरकी झाली. शेवटी बोटीवरच्या माणसाने त्याला उतरवून स्वतः चढवली. मग तो आमच्याकडे आला, मला स्टिअरिंगवर बघून बाबांच्या खिडकीशी वाकला.

"साहेब, मॅडमना उतरवा. तुम्ही घ्या. उतार आहे, ओलं पण आहे."

"साहेबांना येत नाही," बाबा म्हणाले.

"मग मी घेतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं थेट पाहिलं. "तुला जमेल?"

"कॅम्प एकपेक्षा रुंद आहे," मी म्हणाले.

"त्यांनाच घेऊ द्या," बाबा त्या माणसाला म्हणाले. मला ते 'तू' म्हणत. तेवढ्या एका वाक्यात 'त्यांनाच' म्हणाले.

बोटीवरचा माणूस मागे जाऊन हात हलवत ओरडायला लागला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, आरशात बघितलं. व्हॅन एका दमात आत गेली आणि कडेच्या लोखंडापासून वीतभर अंतरावर थांबली. तो माणूस आला, अंतर बघितलं, म्हणाला, "बरोब्बर." आणि पुढच्या गाडीकडे गेला. बाबा खाली उतरले आणि ते वीतभर अंतर त्यांनी खरोखर वीत लावून मोजलं.

पण त्या दिवशी खरं जे घडलं ते आईंचं. तोवर अनुराधापूर हे बाबांचं काम होतं. त्या डबे भरून देत होत्या, एवढंच. बोट सुटली तशा त्या व्हॅनमधून उतरल्या, पदर खोचला आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. लहानपणी गवताचे भारे घेऊन त्या नदी पायी ओलांडायच्या, पण बोटीत कधी बसल्या नव्हत्या. दहा-पंधरा मिनिटांची खाडी. त्यांनी कठडा सोडला नाही. पलीकडे लागल्यावर बाबा म्हणाले, "चढणे चार मिनिटं, उतरणे दोन. झालं. आता परत."

परत आलो. दाभोळला उतरायच्या आधी आई म्हणाल्या, "अजून एकदा जाऊ."

"कशाला? नोंद झाली."

"तुमची झाली."

आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा आलो. शेवटच्या फेरीला माझा नवराही कठड्याशी येऊन उभा राहिला. त्याला बोट लागत नव्हती, ही त्या दिवशीची सगळ्यात आश्चर्याची गोष्ट, आणि ती कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. आईंनी विचारलं, "श्रीलंकेचं पाणी याच्यापेक्षा किती मोठं?"

"तीन-साडेतीन तासांचं," बाबा म्हणाले.

"एवढा वेळ?" आई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पासपोर्टमधल्यासारखा राहिला नव्हता.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी चहा घेताना मी पाहिलं, 'ठरायचे आहे' खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'सूनबाई.' शेरा होता, 'चाचणी समाधानकारक.' मी चहा संपवला आणि शाळेत गेले. दिवसभर फी-रजिस्टरात चुका करत होते.

त्यानंतर दोन वर्षं गेली. कात्रणं सतरा झाली. बोट लवकरच सुरू होणार होती. मध्येच त्सुनामीची ती मोठी लाट आली, तेव्हा बाबांनी महिनाभर पेपरवर काही लिहिलं नाही. मग हळूहळू बातम्या बदलायला लागल्या. आधी कात्रणांत बोट असायची, आता स्फोट असायचे. बाबा तीही कापत होते, पण वेगळ्या पाकिटात ठेवत होते.

एका संध्याकाळी जेवताना आई म्हणाल्या, "विहारातल्या बाया श्रीलंकेला चालल्यात. पुढच्या महिन्यात. मी नाव दिलंय."

बाबांचा घास हातात राहिला. "कशाने?"

"विमानाने."

"आणि आपला प्लॅन?"

"प्लॅन राहू दे भिंतीवर. मी जाऊन येते. तुमच्या पेपरात काय येतंय ते मला पण वाचता येतं ओ. आत्ता नाही गेले तर मग नायच जाता यायचं."

"आपण सगळे मिळून जाणार होतो."

"मग चला. जागा आहेत अजून."

बाबा उठले, हात धुतले आणि गॅलरीकडे जाऊन उभे राहिले, नेहमीसारखे दाराच्या आतच. मी भांडी घेऊन आत गेले तेव्हा आई हळूच म्हणाल्या, "त्यांना उंचीची भीती आहे. कारखान्यात कधी क्रेनच्या जिन्यावर चढले नाहीत. गच्चीवर टाकी बघायला पण मला पाठवतात. तुला काय वाटलं, फांदीसाठी चाललंय हे सगळं?"

मला खरंच फांदीसाठीच वाटलं होतं. आईंनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "फांदीसाठी पण आहे. दोन्ही आहे."

चार दिवस बाबा आईंशी फक्त पाण्याच्या वेळेबद्दल बोलले. पाचव्या दिवशी त्यांनी आईंच्या हातात दोन कागद ठेवले. त्यांत एकवीस प्रश्न होते. रस्त्याची रुंदी. पेट्रोल पंप किती अंतरावर. तपासणी नाके किती, कोण असतं, काय विचारतात. वळवून घ्यायला जागा. पंक्चरची दुकानं. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तराला जागा सोडलेली होती.

"हे सगळं बघून ये," ते म्हणाले.

आईंनी कागद घडी घालून पासपोर्टात ठेवले.

विमानतळावर आम्ही त्यांना व्हॅननेच सोडलं. बाबांनी वाटेतल्या अडथळ्यांसाठी एवढा वेळ राखून ठेवला होता आणि अडथळा एकही आला नाही, त्यामुळे आम्ही पाच तास आधी पोचलो. बाकीच्या बायका यायच्या होत्या. पाच तास आम्ही बाहेर कट्ट्यावर बसून चपाती-भाजी खाल्ली. एकेक विमान वर जायचं. आई मान वर करून बघायच्या, बाबा चपातीकडे. आत जाताना आईंनी त्यांना सांगितलं, "गोळ्या वेळेवर घ्या." बाबा म्हणाले, "नाक्यांचं विसरू नको."

आठ दिवसांनी आई परत आल्या, थोड्या काळवंडलेल्या, खूष. बाबांनी त्यांना बूटसुद्धा काढू दिले नाहीत. कागद मागितले. आईंनी खरंच सगळं लिहून आणलं होतं, चौथी पास अक्षरात, बसच्या हिंदकळण्यामुळे वरखाली झालेलं. रस्ता: चांगला, आपल्यापेक्षा चांगला. पेट्रोल पंप: आहेत. नाके: पुष्कळ, मोजायचे सोडून दिले, सगळीकडे शिपाई, वयाने लहान. काय विचारतात: आम्हाला काही नाही, ड्रायव्हरला खूप. वळवून घ्यायला जागा: आहे. पंक्चर: आमची झाली नाही.

बाबांनी ते दोनदा वाचलं. "आणि विमान?"

"यष्टीत बसल्यासारखंच. फक्त खिडकी उघडत नाय."

बाबांनी मान हलवली. मग ते उत्तरं पेपरवर उतरवायला बसले. झाडाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. एकवीस प्रश्नांत तो प्रश्नच नव्हता. माझंही विचारायचं राहून गेलं. मला स्वयंपाकाची घाई होती, आणि मला वाटलं, आधी ते विचारतील.

त्याच वर्षी तिकडे पुन्हा उघड युद्ध सुरू झालं. बाबांनी एकदाही 'रद्द' असं लिहिलं नाही. ते फक्त एका सकाळी मला म्हणाले, "सूनबाई, रामेश्वरमपर्यंतचा भाग तर आपल्याच देशात आहे."

जानेवारीत आम्ही तिघं निघालो. माझ्या नवऱ्याला रजा नव्हती असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. चार दिवस मी व्हॅन चालवली. कोल्हापूर, मग कर्नाटक, मग तामिळनाडू. जसजसे खाली गेलो तसतशा पाट्या वाचता येईनाशा झाल्या आणि बाबांचा कागद जास्त उपयोगी पडायला लागला. रोजचे मुक्काम त्यांनी लिहिलेल्या वेळेच्या अर्धा तास आगेमागे येत होते. उन्हात हिंगाचा वास तसाच होता. चौथ्या दिवशी समुद्रावरचा लांब पूल ओलांडला तेव्हा बाबा डोळे मिटून बसले होते. मी स्पीड वाढवला नाही, कमीही केला नाही.

जमिनीचं शेवटचं टोक रामेश्वरमच्याही पुढे आहे. तिथे आमची व्हॅन जाऊ शकत नव्हती, सगळी वाळूच. स्थानिक लोकांच्या जुन्या गाड्या माणसं भरून नेतात. चार दिवसांत पहिल्यांदा मी मागे बसले. ड्रायव्हर क्लच फार दाबत होता. टोकाला पोचलो तेव्हा तिथे जुन्या बंदराच्या मोडलेल्या भिंती, कोळ्यांच्या झोपड्या आणि दोन्ही बाजूंना पाणी एवढंच होतं.

बाबांनी ड्रायव्हरला विचारलं, "बोट? श्रीलंका बोट?"

ड्रायव्हरने मोडक्या भिंतींकडे हात केला. मग पाण्याकडे हात करून हसला आणि इंग्रजीत म्हणाला, "सून, सून."

"तुला बोलावतोय," आई मला म्हणाल्या.

मी अर्थ सांगितला. बाबा म्हणाले, "लवकरच? बरं." आणि जोडे हातात घेऊन पाण्याच्या कडेला वाळूत बसले. आई त्यांच्या शेजारी बसल्या, मी थोडी मागे. समोर काही दिसत नव्हतं. बाबा बराच वेळ तिकडे बघत होते.

"तिकडचा किनारा असाच आहे का?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? मी किनाऱ्याला नाय गेले. मी झाडापाशी होते."

"हं," बाबा म्हणाले. आणि मग, इतक्या महिन्यांनी, "कसं आहे?"

आई पाण्याकडे बघतच सांगायला लागल्या. "तसं लहानच आहे. आमच्या गावचा नदीवरचा पिंपळ याच्या दुप्पट असेल. फांद्यांना सोनेरी टेकू दिलेत. म्हातारं झालंय ना, सांभाळतात. जवळ जाऊ देत नाहीत, कठड्याच्या बाहेरून हात जोडायचे. सगळ्या बाया वंदना करून दुकानांत गेल्या. मी बसून राहिले."

"किती वेळ?"

"दोन तास. पान पडायची वाट बघत. तोडायचं नसतं, आपोआप पडलं तर घ्यायचं. तिथल्या पण पुष्कळ म्हाताऱ्या बसल्या होत्या, पांढऱ्या कपड्यात. कोण बोलत नव्हतं. वारा नव्हता अजिबात."

"मग?"

"मग पडलं एक. माझ्या शेजारच्या म्हातारीच्या मांडीवर. तिने उचललं, कपाळाला लावलं. मग माझ्याकडे बघितलं. मी काय मागितलं नाय हां. वाळलेलं होतं, मधून चिरलेलंच होतं जरा. तिने तिथूनच अर्धं केलं आणि एक भाग मला दिला."

मागून ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. गाडीतली बाकीची माणसं बसून झाली होती. बाबा हलले नाहीत.

"कुठला भाग?" त्यांनी विचारलं.

"देठाकडचा."

बाबांनी त्याचा नीट विचार केला. "देठाकडचा म्हणजे चांगला दिला," ते म्हणाले, आणि आईंच्या खांद्याचा आधार घेऊन उठले.